अमरनाथ यात्रा : शिदोरी हलकी, ऊब जवळ

नवी दिल्ली – द्वारका उपनगर समुद्रसपाटीपासून जेमतेम दोनशे मीटरवर, तर अमरनाथची गुहा 3,888 मीटरवर. दिल्लीच्या उकाड्यात सामान बांधताना हा फरक सहज विसरला जातो. ऑगस्ट 1996 मध्ये पाऊस व हिमवादळात सुमारे 240 यात्रेकरू मृत्युमुखी पडले. त्यानंतर नेमलेल्या नितीश सेनगुप्ता समितीने यात्रेकरूंच्या संख्येवर मर्यादा सुचवली. संख्येचे नियंत्रण शासनाकडे असले, तरी पाठीवरील पिशवी यात्रेकरूच्याच हाती असते. लोकरीचे कपडे खेचरावर पुढे निघून गेले, तर वाटेत भिजलेल्याला त्यांचा उपयोग नाही. म्हणूनच जलरोधक पिशवी, पायात घट्ट बूट, सामानवाहकाची सोबत आणि खिशात नाव-पत्त्याची चिठ्ठी, या देवस्थान मंडळाच्या सूचना महत्त्वाच्या आहेत. मदत पोहोचेपर्यंत अंगाजवळचे सामानच प्राण राखते.