बॅटरीची गाडी म्हणजे सायकल नव्हे



आषाढात आमच्या भंडारा जिल्ह्यात रोवणीची धांदल असते. बांधीत चिखलणी करून ट्रॅक्टर तसेच डांबरी रस्त्यावर येतात आणि चाकांचा चिखल रस्ताभर सांडत जातात. वरून भुरभुर पाऊस आला की त्या चिखलाचं अगदी लोणी होतं. अशाच एका वळणावर गेल्या वर्षी एकाच आठवड्यात दोन मुली पडल्या. दोघी नववीतल्या.

पहिली माझ्या वर्गातली. (मी शाळेत अर्धवेळ मराठी शिकवते.) ती सायकलवर होती, मानव विकास कार्यक्रमात आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना मिळते ना, ती सायकल. घसरली, गुडघा सोलला, मनगट मुरगळलं, डब्यातली भाजी दप्तरभर झाली. दुसऱ्या दिवशी लंगडत वर्गात हजर!

दुसरी माझ्या जाऊबाईंची मुलगी. ती बॅटरीच्या गाडीवर शिकवणीला निघाली होती. पडताना हँडलचं टोक पोटात बसलं. अंगावर साधा ओरखडाही नाही. उठली, गाडी उचलली, घरी आली. "काकू, काही नाही झालं," म्हणाली. मीही मोठी शहाणी, लिंबाचं सरबत देऊन "पडून राहा जरा" म्हटलं. संध्याकाळी पोरगी पांढरीफटक. घाम, उलटी, आणि डावा खांदा दुखतो म्हणून रडायला लागली. खांद्याला तर काही लागलंच नव्हतं! रात्री इस्पितळात सोनोग्राफी केली तेव्हा कळलं, प्लीहेला चीर जाऊन पोटात रक्त साचत होतं. शस्त्रक्रिया टळली, पण आठ दिवस तिथे काढावे लागले. आपण घालवलेले ते चार तास आठवले की अजून माझा जीव थरकतो.

गाडी घेताना दुकानदार म्हणाला होता, "लायसन नको, नंबर नको, सायकलच समजा." कायद्यापुरतं ते बरोबर आहे. २५० वॅटच्या आतली, ताशी २५ किलोमीटरच्या आत धावणारी बॅटरीची गाडी मोटारवाहन धरत नाहीत. पण हाडामांसाला कायदा कुठे कळतो? आमच्या विज्ञानाच्या सरांनी मला फळ्यावर मांडून दाखवलं. आपल्या मुली सायकल चालवतात ताशी १२ च्या आसपास. वेग १२ चा २५ झाला की धक्क्याचा जोर दुप्पट नाही, चौपटीहून जास्त होतो. समोर म्हैस आडवी आली आणि ब्रेक दाबायला एक सेकंद लागला, तर तेवढ्यात सायकल ३ मीटरच्या थोडी पुढे जाते, ही गाडी ७ मीटर. त्यात गाडीचं वजन सायकलीच्या कितीतरी पट, चाकं लहान, म्हणून खड्ड्यात लगेच अडकतात. आणि आवाज नाही! रस्त्याकडेने चालणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला मागून काही येतंय हे कळतच नाही.

न्यूयॉर्क विद्यापीठातल्या संशोधकांनी अमेरिकेतल्या २००० ते २०१७ या काळातल्या इस्पितळांच्या नोंदी तपासल्या. साध्या सायकलीपेक्षा विजेच्या सायकलीवरच्या अपघातांत शरीराच्या आतल्या इजा जास्त, इस्पितळात दाखल करावं लागण्याचं प्रमाण जास्त, आणि पायी चालणाऱ्याला धडकण्याचं प्रमाण तर तिपटीहून अधिक. जाऊबाईंच्या मुलीची गत काही जगावेगळी नव्हती, हे वाचून मला बरं वाटावं की वाईट, तेच कळेना.

पुष्कळ मुलं (आणि त्यांचे बापही!) मेकॅनिककडून वेगाचा आडकाठा काढून घेतात. मे २०२२ मध्ये राज्याच्या परिवहन आयुक्तांनी अशा गाड्यांवर कारवाईचे आदेश दिले होते. एकदा वेग वाढवला की ती सायकल राहत नाही, मोटारवाहनच होतं. मग अठराच्या आतलं पोर ती चालवताना सापडलं, तर २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणे पालकांना २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

आता माझी चूक तुम्ही करू नका, म्हणून सांगते. पोटात हँडल बसलं असेल तर वरून जखम नसली तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. पोट दुखणं, चेहरा पांढरा पडणं, चक्कर, डावा खांदा उगाच दुखणं, यांतलं काहीही दिसलं तर १०८ ला फोन करा. तोवर पाणी, चहा, सरबत काही देऊ नका. शस्त्रक्रिया करायची वेळ आली तर पोट रिकामं हवं. डोक्याला मार बसून मूल वारंवार उलटी करत असेल, पेंगत असेल, नाकाकानातून पाणी किंवा रक्त येत असेल, तर घरी झोपवून ठेवू नका. सुजलेलं मनगट चोळू नका, आधी फोटो काढा. आमच्याकडे अजून हाड बसवणाऱ्याकडे आधी धावतात, म्हणून मुद्दाम लिहिते.

गाडी वाईट आहे असं मी मुळीच म्हणत नाही. मे महिन्यातल्या आमच्या उन्हात आठ किलोमीटर पायडल मारून पाहा म्हणजे कळेल! जाऊबाईंची ती गाडी आता मीच शाळेत नेते, हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली घट्ट बांधून, पदर कमरेला खोचून. पहिले आठ दिवस ती उभी करतानाच दोनदा माझ्या अंगावर कलंडली. माझ्या लेकीला मात्र अजून सायकलच आहे. ती रुसली आहे. परवापासून माझ्याशी फक्त डब्यापुरतं बोलते.