रिकाम्या हाताने कसं जायचं?

कुणाकडे जेवायला जाताना रिकाम्या हाताने जाऊ नये, ही आईची शिकवण. पेढे, फळं, निदान गजरा तरी! पण परवा पुण्याला लेकीच्या मैत्रिणीकडे जायचं होतं. लेक म्हणाली, ‘‘आई, त्यांच्याकडे चालते, नाशिकची वाईनच आण.’’

आम्ही दिंडोरीकडचे. २००१ साली सरकारचं द्राक्ष प्रक्रिया धोरण आलं आणि इकडे वाईनच्या द्राक्षांचे मळे वाढले. उन्हात घड खुडतात त्या बायकाच. पण बाटली घ्यायला दुकानाची पायरी बाईनं चढली, की रस्ताभर नजरा! ‘ह्यांना’ पाठवावं, असं क्षणभर वाटलंच. मग म्हटलं, का बरं?

दुकानदारानं महागडी लाल वाईन पुढे केली. जेवणाचा बेत मी आधीच विचारून घेतला होता, झणझणीत कोंबडीचा! म्हणून किंचित गोडसर, पांढरी शेनिन ब्लां मागितली. ती थंड करून तिखटासोबत छान लागते म्हणे. किमतीवर काय असतं? मात्र घरात चालते का, हे आधी विचारावंच. नाहीतर आपले पेढे बरे. आणि आपली बाटली फोडतात की नाही, तिकडे डोळे लावून बसू नये.

त्यांनी लगेच फोडली. मी मात्र सोलकढीच प्यायले.