दुय्यम संघांतील थोरवी

कॅनडाचे बर्फावरील हॉकीपटू विली ओ'री यांचे नाव निघताच लोक १८ जानेवारी १९५८ ची आठवण देतात. त्या दिवशी बोस्टनकडून खेळून ते नॅशनल हॉकी लीगमधील पहिले कृष्णवर्णीय खेळाडू ठरले. परंतु त्या लीगमध्ये त्यांच्या वाट्यास अवघे ४५ सामने आले. उरलेली कारकीर्द दुय्यम संघांत गेली आणि त्यांची खरी थोरवी, आमच्या मते, तेथेच दिसते.

चकतीच्या आघाताने त्यांचा उजवा डोळा निकामी झाला होता. ते त्यांनी लपविले; योग्य केले की अयोग्य, हे वाचकांनीच ठरवावे. डाव्या बगलेवर खेळताना मान पुरती वळविल्यावाचून चकती दिसत नसे. लॉस एंजेलिसच्या संघात त्यांना उजवी बगल मिळाली. पुढे वेस्टर्न हॉकी लीगच्या १९६४-६५ व १९६८-६९ या दोन्ही हंगामांत त्यांनी प्रत्येकी ३८ गोल केले, एका डोळ्याने!