अंगावर काढू नका!

मैत्रिणींनो, परवा हळदीकुंकवाला आमच्या ओझरच्या एक काकू हळूच म्हणाल्या, “पाळी जाऊन सहा वर्षं झाली, आता पुन्हा डाग दिसतोय. या वयात डॉक्टरांपुढे कशाला जायचं?” दुसऱ्याच दिवशी मी त्यांना दवाखान्यात नेलं. तपासणीचा निकाल अजून यायचाय.

मुंबईत १९६३पासून कॅन्सरच्या नोंदी ठेवतात, बार्शीकडच्या खेड्यांत १९८७पासून. पूर्वी मुंबईतही गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर बायकांत पुढे होता. लग्नं उशिरा, मुलं कमी, तसा तो मागे हटला. पण स्तनाचा वाढला. बार्शीकडे मात्र गर्भाशयमुखाचाच बराच काळ पुढे राहिला.

आपली गावं आता धड खेडी नाहीत, धड शहरं नाहीत. म्हणून दोन्हींकडे लक्ष हवं!

तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात १९९९पासून ३० ते ५९ वर्षांच्या सव्वा लाखाहून अधिक बायकांवर अभ्यास झाला. एचपीव्ही विषाणूची एकदाच तपासणी केलेल्या गटात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले.

तेव्हा तिशी उलटली की तपासून घ्या. स्तनात गाठ, संबंधानंतर किंवा पाळी गेल्यावर रक्त दिसलं, तर थांबू नका. घरातल्या सगळ्यांची दुखणी आपण काढतो ना? मग एक दिवस स्वतःसाठी काढाच!