उताराचा अभ्यास

“मुलीच्या जातीने पहाटे टेकडीवर कशाला जायचे?” हा प्रश्न गेल्या हिवाळ्यात मला इतक्या जणांनी विचारला की, एकेकाला उत्तर देण्यापेक्षा आपल्या वार्षिकातच लिहावे असे ठरवले.

मला पोलीस भरतीत उतरायचे आहे. तिथे मुलांना १६०० मीटर धावावे लागते, मुलींना ८००. एवढ्यासाठी टेकडी कशाला, असे काही प्राध्यापकही म्हणतील. चढावर धावल्याने पायांत जोर येतो, दम वाढतो. शिवाय आमच्या वस्तीजवळच्या रस्त्यावर आमच्याआधी ट्रकच धावत असतात! खारघरची टेकडी त्यामानाने शांत, आणि फुकट.

पावसाळ्यात या टेकडीचा सर्वांना धाक असतो. ऑगस्ट २०१९ मध्ये पांडवकड्याच्या परिसरात चार विद्यार्थिनी पाण्यात वाहून गेल्या. पावसात तिकडे जायला पोलीस मनाई करतात, आणि ते योग्यच आहे. पण हिवाळा आला की सारे निर्धास्त! वस्तुतः घसरण्याचा मोसम तेव्हा संपलेला नसतो. दिवाळीनंतर गवत वाळून उतारावर आडवे होते, त्यावर पहाटेचे दव आणि खाली सुटा मुरूम. त्यात डिसेंबरअखेर सूर्य उगवतो सातनंतर आणि आमचा पहिला तास साडेसातला. म्हणजे काळोखातच चढायचे आणि काळोखातच उतरायचे.

व्हायचे तेच झाले. दुसऱ्याच आठवड्यात माझा घोटा मुरगळला. चढताना नव्हे, उतरताना. शेजारच्या काकू “सांगितलं होतं” म्हणून गेल्या. आबा मात्र काही बोलले नाहीत. आबा वाशीच्या मार्केटात माथाडी आहेत, मूळचे जावळी तालुक्यातले. सूज उतरल्यावर एका रविवारी ते स्वतःच माझ्याबरोबर टेकडीवर आले. “उतरून दाखव,” म्हणाले. मी चार पावले टाकली असतील-नसतील, त्यांनी थांबवले.

“एवढी लांब टांग टाकू नको. पाऊल आखूड टाक. गुडघा ताठ ठेवू नको. आणि बोटांकडं काय बघतीस? तीन पावलं पुढं बघ.”

पन्नास किलोची गोणी पाठीवर घेऊन फळीवरून उतरणाऱ्या माणसाला हे कोणी शिकवले असेल? लहानपणी घाट आणि मोठेपणी फळी! आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढले नाही. पण उतरण्याचा अभ्यास आबांचा माझ्यापेक्षा कितीतरी जास्त आहे, हे मला तेव्हा कळले.

पुढे वाचनालयात वाचले तेव्हा त्यातले शास्त्र उमगले. उतारावर मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच शरीराला आवर घालत असतात. म्हणून पहिल्यांदा उतरणाऱ्याचे पाय दुसऱ्या दिवशी भरून येतात. थोडे थोडे उतरत गेले की स्नायू सरावतात. टाच पुढे रोवून लांब पाऊल टाकले तर सगळा धक्का गुडघ्यात जातो.

आपल्याकडची थंडी ती काय, असे म्हणून हसू नये. चीनमधील गान्सू प्रांतात २२ मे २०२१ रोजी डोंगरातल्या १०० किलोमीटरच्या शर्यतीत अचानक वारा-पाऊस आला आणि २१ धावपटू गारठून मरण पावले. अनेकांच्या अंगावर नुसती अर्धी चड्डी नि बनियन होते. खारघरला असे होणार नाही, हे मान्य. पण आपल्यातलेच काही जण जानेवारीत रात्री कळसूबाईला निघतात. घामाने भिजलेल्या अंगाला माथ्यावरचा वारा लागला की काय होते, हे त्यांना कोणी सांगितले आहे का?

माझी तक्रार इथेच आहे. मुलींना “सुरक्षित राहा” म्हणजे “जाऊ नका” एवढेच सांगतात. मुलांना तर तेवढेही सांगत नाहीत; त्यांच्यासाठी स्टॉपवॉच असते! जिमखान्यात वेळ मोजतात, पाय कोणी बघत नाही. हिवाळ्याचे तीन महिने आठवड्यातून एक सकाळ पहिला तास उशिरा ठेवावा आणि उजाडल्यावर मुलामुलींना सोबतीने टेकडीवर न्यावे, यात अभ्यासक्रमाचे फार नुकसान होईल असे मला वाटत नाही.

तूर्त आम्ही पाच जणी दर रविवारी सव्वासातला निघतो. आबा खाली टपरीवर चहा घेत बसतात. वर येत नाहीत. पण आम्ही उतरताना दिसू लागलो की कप खाली ठेवून आमच्या पायांकडे बघत राहतात.