५ जानेवारी २०१६ : कल्याणचे १००९ आणि हेलसिंकीचा तो गोल

१/
दिनांक ५ जानेवारी २०१६. कल्याणच्या वायले नगरातील मैदानावर पंधरा वर्षांच्या प्रणव धनावडेने एका डावात नाबाद १००९ धावा केल्या. त्याच दिवशी सायंकाळी फिनलंडच्या राजधानीत, हेलसिंकीत, वीस वर्षांखालील मुलांच्या आईस हॉकीच्या जागतिक स्पर्धेचा अंतिम सामना झाला आणि यजमान फिनलंडने रशियाला जादा वेळेत ४-३ असे हरवले. या दोन घटनांचा परस्परांशी काडीचाही संबंध नाही. तरीही त्या शेजारी शेजारी ठेवून वाचाव्यात, असे मला फार दिवसांपासून वाटत आले आहे. त्यासाठी हा धागा.

२/
आरंभीच कबुली देतो. मी डोंबिवलीचा. बर्फाशी माझा संबंध फडके रोडवरच्या गोळ्यापुरता. पण कॅनडात स्थायिक झालेल्या एका आप्ताच्या नादाने मला आईस हॉकीचा छंद जडला आणि गेली काही वर्षे २६ डिसेंबर उजाडला, की मी ज्युनिअर जागतिक स्पर्धेची वाट पाहतो. व्यावसायिक संघांच्या सामन्यांपेक्षा मला हीच स्पर्धा अधिक प्रिय आहे. इथली मुले अजून पुरती घडलेली नसतात. त्यांचे पुढे काय होणार, हे कुणालाच ठाऊक नसते.

३/
ही स्पर्धा अधिकृतपणे १९७७ पासून भरते. कॅनडात नाताळानंतरचा आठवडा तिच्यावाचून पुरा होत नाही. फिनलंडची गोष्ट तर ध्यानात ठेवण्याजोगी आहे. २०११ च्या जनगणनेत अविभाजित ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या एक कोटी दहा लाखांवर होती. फिनलंड देशाची तिच्या निम्मी. त्या एवढ्याशा देशाने २०१४, २०१६ आणि २०१९ अशी तीन वेळा ही स्पर्धा जिंकली. त्यांच्याकडे बर्फ आहे, हे खरेच. पण नुसत्या बर्फाने खेळाडू घडत नाहीत.

४/
आता कल्याणचा धावफलक. भंडारी चषक, सोळा वर्षांखालील आंतरशालेय स्पर्धा. आर्य गुरुकुल सर्वबाद ३१. उत्तरादाखल के. सी. गांधी शाळा ३ बाद १४६५, डाव घोषित. आर्य गुरुकुलचा दुसरा डाव सर्वबाद ५२. विजय एक डाव व १३८२ धावांनी. प्रणवच्या डावात १२९ चौकार आणि ५९ षटकार. म्हणजे ८७० धावा सीमापार गेलेल्या चेंडूंच्या, आणि धावून काढलेल्या केवळ १३९. ही बेरीज-वजाबाकी एकदा स्वतः करून पाहा. मैदान किती लहान होते, याचा अंदाज तिच्यातूनच येतो.

५/
या डावाने मोडलेला विक्रम ११६ वर्षांचा होता. जून १८९९ मध्ये इंग्लंडमधील क्लिफ्टन कॉलेजात, शाळेतल्याच दोन गटांच्या सामन्यात, तेरा वर्षांच्या ए. ई. जे. कॉलिन्सने नाबाद ६२८ धावा केल्या. त्याच्या गटाच्या एकूण ८३६. प्रतिस्पर्धी ८७ आणि ६१. तोही सामना असाच एकतर्फी होता. गुणलेखकाने तर वीसएक धावा इकडेतिकडे धराव्यात, अशा अर्थाचे काहीसे म्हटल्याची आख्यायिका आहे.

६/
कॉलिन्सचा जन्म आपल्याकडचाच, हजारीबागचा. वडील इंडियन सिव्हिल सर्व्हिसमध्ये. आईवडिलांचे छत्र लवकर हरपले. त्या डावाने त्याचे नाव देशभर झाले, पण प्रथम श्रेणीचा एकही सामना तो खेळला नाही. पुढे तो रॉयल इंजिनिअर्समध्ये अधिकारी झाला आणि ११ नोव्हेंबर १९१४ रोजी ईप्रच्या पहिल्या लढाईत, वयाच्या २९ व्या वर्षी, मारला गेला. ६२८ हा आकडा त्याच्यामागून शंभराहून अधिक वर्षे जगला.

७/
प्रणवच्या डावानंतर वृत्तपत्रांतून दोन प्रकारचे लेखन आले. एकात जयजयकार होता. दुसऱ्यात सीमारेषेचे अंतर, सुटलेले झेल आणि समोरच्या संघातील मुलांचे कोवळे वय यांची मोजदाद होती. दहावीच्या अभ्यासामुळे त्या शाळेचे नेहमीचे खेळाडू आले नव्हते, असेही तेव्हा छापून आले. माझे मत असे की, दोन्ही नोंदी खऱ्या आहेत आणि इतिहासाने दोन्ही जपाव्यात. समोर आलेला चेंडू फलंदाजाने खेळायचा असतो. तो कोणी टाकला, हे तो ठरवत नाही. १००९ धावा त्या मुलाने केल्या, त्या खऱ्याच. प्रश्न विचारायचा असेल, तर तो मैदानाबाहेर उभ्या असलेल्या मोठ्या माणसांना विचारावा. ३१ धावांत बाद झालेल्या मुलांसमोर १४६५ पर्यंत डाव चालू ठेवायचा का, हा निर्णय पंधरा वर्षांच्या मुलाचा नसतो.

८/
याच्या नेमके उलट टोक आपल्याच राज्यात, डिसेंबर १९४८ मध्ये दिसले. पुण्यात महाराष्ट्र विरुद्ध काठियावाड हा रणजी सामना. कोल्हापूरचे भाऊसाहेब निंबाळकर नाबाद ४४३ वर होते. ब्रॅडमनच्या नाबाद ४५२ या विश्वविक्रमाला ते नऊच धावांनी कमी होते. उपाहाराच्या वेळी काठियावाडच्या कर्णधाराने, राजकोटच्या ठाकोरसाहेबांनी, पुढे खेळण्यास नकार देऊन सामना सोडला. निंबाळकर आयुष्यात एकही कसोटी खेळले नाहीत. तिथे प्रौढांनी नको तितक्या लवकर हात आखडता घेतला. कल्याणात कुणीच घेतला नाही. दोन्हीकडे फलंदाजाच्या हाती फक्त बॅट होती.

९/
आता हेलसिंकीकडे वळू. फिनलंडच्या त्या संघात एका फळीत तीन मुले खेळत होती : येस्सी पुल्युयार्वी, पॅट्रिक लाइने आणि सेबॅस्टियन आहो. पहिली दोघे सतरा वर्षांची, तिसरा अठराचा. स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू ठरला पुल्युयार्वी. पाच गोल आणि बारा साहाय्य. फिनलंडला एक नवा महापुरुष गवसला, असा सूर उमटला. मलाही तसेच वाटले होते, हे लपवत नाही.

१०/
पुढे काय झाले? जून २०१६ च्या ड्राफ्टमध्ये लाइने दुसऱ्या क्रमांकावर निवडला गेला आणि पहिल्याच हंगामात त्याने ३६ गोल केले. पुल्युयार्वीला एडमंटनने चौथ्या क्रमांकावर घेतले. तो मध्येच एका हंगामासाठी मायदेशी परतला. पुढे दोन्ही खुब्यांवर शस्त्रक्रिया झाली आणि ज्या उंचीची भाकिते झाली होती, ती त्याला गाठता आली नाही. आहो तर आदल्याच वर्षी पस्तिसाव्या क्रमांकावर निवडला गेला होता. तिघांत दीर्घकाळ सर्वाधिक स्थिर खेळला तो आहोच. कॅरोलायना संघाचा तो आधारस्तंभ झाला. एकच फळी, एकच स्पर्धा, आणि तीन निराळी आयुष्ये.

११/
ड्राफ्ट म्हणजे काय, हे थोडक्यात. नॅशनल हॉकी लीगचे संघ दरवर्षी ठरलेल्या क्रमाने तरुण खेळाडूंचे हक्क वाटून घेतात. पहिला ड्राफ्ट १९६३ मध्ये माँट्रियलला झाला. निवड झाली म्हणजे मुलगा दुसऱ्या दिवशी मोठ्या संघात गेला, असे बहुधा होत नाही. तो पुन्हा ज्युनिअर लीगमध्ये, महाविद्यालयात किंवा दुय्यम व्यावसायिक संघात जातो आणि दोन-चार वर्षे घडतो. सातव्या फेरीपर्यंत निवड चालते. म्हणजे दोनशेहून अधिक मुलांसाठी शिडीची पहिली पायरी तरी असते.

१२/
ही व्यवस्था निर्दोष आहे, असे मी म्हणत नाही. ४ जानेवारी १९८७ रोजी चेकोस्लोव्हाकियातील पिएश्तानी येथे कॅनडा आणि सोव्हिएत संघाच्या ज्युनिअर मुलांत अशी तुंबळ हाणामारी झाली, की आवरता न आल्याने अधिकाऱ्यांनी दिवे मालवले. दोन्ही संघ स्पर्धेतून बाद झाले. मुलांच्या खांद्यावर राष्ट्रांची भांडणे ठेवली, की असे होते. तेव्हा कौतुक शिडीचे करावे. त्या शिडीवर मुलांना ढकलणाऱ्या हातांचे नव्हे.

१३/
इथे कुणी वेन ग्रेट्स्कीचे नाव घेईल, आणि ते घ्यायलाच हवे. कॅनडातील ब्रँटफर्ड गावच्या या मुलाने १९७१-७२ च्या हंगामात, दहाव्या वर्षी, ३७८ गोल केले. वडील टेलिफोन कंपनीत नोकरीला. त्यांनी परसात पाणी गोठवून मुलासाठी रिंगण केले. तोच मुलगा पुढे या खेळातला सर्वश्रेष्ठ ठरला. त्याचा ८९४ गोलांचा विक्रम मोडायला एप्रिल २०२५ उजाडावा लागला.

१४/
या कथेचा एक भाग मात्र सहसा सांगितला जात नाही. गावातल्या इतर मुलांच्या पालकांचा मत्सर आणि प्रेक्षकांतून होणारी हुर्यो यांना कंटाळून ग्रेट्स्कीने चौदाव्या वर्षी घर सोडले आणि तो टोरांटोत परक्या कुटुंबात राहिला. म्हणजे जो यशस्वी झाला, त्यालाही त्या आकड्याची किंमत मोजावी लागली. मग जे यशस्वी झाले नाहीत, त्यांनी किती मोजली असेल? आपण ग्रेट्स्कीचे उदाहरण देतो, कारण त्याचे नाव उरले. उरलेल्या नावांवरूनच निष्कर्ष काढायचा, ही इतिहासाच्या अभ्यासकाची सर्वांत जुनी चूक आहे.

१५/
प्रणवचे वडील कल्याणात रिक्षा चालवत. डावानंतर सचिन तेंडुलकरने स्वाक्षरी केलेली बॅट पाठवली; मुंबई क्रिकेट असोसिएशनने दरमहा दहा हजार रुपयांची शिष्यवृत्ती जाहीर केली. पुढे मुलाच्या धावा आटल्या, तेव्हा ही शिष्यवृत्ती थांबवावी, असे त्याच्या वडिलांनी स्वतः कळवले. १००९ पेक्षा मला हे पत्र अधिक मोठे वाटते. एका सामान्य घराने जगाला शांतपणे सांगितले, की मुलाने तुम्हाला काही देणे लागत नाही आणि आम्हीही फुकटचे काही ठेवून घेणार नाही.

१६/
आमच्या या पट्ट्याची खरी शिडी कोणती? माझे उत्तर : लोकलगाडी. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदर-ठाणे गाडी धावली आणि १ मे १८५४ ला रूळ कल्याणपर्यंत आले. शंभर-दीडशे वर्षांनी त्याच रुळांवरून पाठीवर किटबॅग घेतलेली पोरे आझाद मैदान आणि शिवाजी पार्क गाठू लागली. अजिंक्य रहाणे डोंबिवलीत वाढला, इथल्याच शाळेत शिकला. २००७ मध्ये प्रथम श्रेणीत पदार्पणातच १४३ धावा. पण पहिली कसोटी मार्च २०१३ मध्ये. मधली पाच वर्षे तो रणजीत धावा करत राहिला. ॲडलेडच्या ३६ नंतर मेलबर्नला ११२ करून संघ सावरणारा कर्णधार त्या पाच वर्षांत घडला.

१७/
दुसरे नाव कल्याणच्या तुषार देशपांडेचे. शाळेत असताना त्याच्या नावाचा विश्वविक्रम नव्हता. भारताकडून पहिला सामना तो जुलै २०२४ मध्ये, २९ व्या वर्षी खेळला. त्याच वर्षी फेब्रुवारीत रणजी उपउपांत्य सामन्यात अकराव्या क्रमांकावर येऊन त्याने शतक केले. दहाव्या क्रमांकाच्या तनुष कोटियननेही. दहाव्या व अकराव्या फलंदाजाने एकाच डावात शतके करण्याचा याआधीचा एकमेव प्रसंग १९४६ चा, ओव्हलवर सरवटे आणि बॅनर्जी यांचा. कल्याणचा क्रिकेट-इतिहास लिहायचा तर त्यात १००९ बरोबर हे शतकही हवे.

१८/
हे सारे आज का लिहितो? एप्रिल २०२५ मध्ये चौदा वर्षांच्या वैभव सूर्यवंशीने आयपीएलमध्ये ३५ चेंडूंत शतक केले. आता ज्युनिअर आणि व्यावसायिक यांच्यातली भिंतच उरलेली नाही. त्याच्या वयाची शेकडो मुले आज पहाटेच्या लोकलने सरावाला निघतात आणि त्यांच्या घरी तेच शतक पुन्हा पुन्हा पाहिले जाते. त्या मुलांना पराक्रमापेक्षा शिडीची गरज अधिक आहे : बरी मैदाने, बरोबरीचे प्रतिस्पर्धी, आणि अपयशाची दोन वर्षे पदरात घेणारी माणसे.

१९/
आणि आपण, इतिहासाचे वाचक, काय करू शकतो? लहान मुलाचा विक्रम म्हणजे घडून गेलेल्या एका दिवसाची नोंद. भविष्याची हुंडी नव्हे. ती कुणाच्या दारात वटवायला जाऊ नये. १००९ लिहाल तेव्हा शेजारी ३१ आणि ५२ ही लिहा, कारण त्या धावा काढणारी मुलेही त्याच मैदानावर दोन दिवस उन्हात उभी होती. आणि प्रणव पुढे कुठे गेला, असे कुणी कुत्सितपणे विचारले, तर कॉलिन्सची गोष्ट सांगा. मग वडिलांच्या त्या पत्राचीही सांगा.

लेखनसीमा.