खोगीर कोणासाठी?

‘खोगीरभरती’ हा शब्द आपण निंदेने वापरतो. कामाचा नसलेला मजकूर किंवा माणसे भरली, की ती खोगीरभरती! पण हाच शब्द घोड्याला विचारून पाहा. खोगिरात काय भरले आहे आणि कसे भरले आहे, यावरच त्याच्या पाठीचे सुखदुःख अवलंबून असते.

आपल्या धाराशिव जिल्ह्याच्या परंडा भागातून जाणारी सीना नदी पुढे भीमेला मिळते. भीमाकाठचे भीमथडी घोडे मराठ्यांच्या स्वाऱ्यांत नावाजलेले होते. आजही धनगरांचे बिऱ्हाड अशी तट्टे वाहतात. समजा, इकडच्या एखाद्या विद्यार्थ्याला अडथळ्यांवरून उड्या मारण्याची घोडेस्वारी शिकायची आहे. घरची मंडळी दुकानात काय पाहतील? चामड्याची चकाकी आणि किंमत! माझ्या मते हा क्रमच चुकीचा आहे. आधी घोडा, मग स्वार आणि शेवटी चकाकी.

विसाव्या शतकाच्या आरंभी काप्रिल्ली या इटालियन घोडदळ अधिकाऱ्याने दाखवून दिले, की उडीच्या वेळी स्वार पुढे झुकला तर घोड्याला मान व पाठ मोकळेपणी वापरता येते. म्हणून उडीच्या खोगिराचे बाजूचे चामडे पुढे काढलेले असते आणि रिकिबी आखूड ठेवतात. परंतु उंच, सडपातळ घोड्यासाठी केलेले असे खोगीर रुंद पाठीच्या ठेंगण्या तट्टाला बसेलच असे नाही.

कारण साधे आहे. दाब म्हणजे भार भागिले क्षेत्रफळ. स्वार व खोगीर मिळून ६० किलोग्रॅम भार १२०० चौरस सेंटिमीटरवर पसरला, तर दर चौरस सेंटिमीटरला ५० ग्रॅम येतात. खोगीर मध्ये अधांतरी राहून फक्त ३०० चौरस सेंटिमीटरवर टेकले, तर २०० ग्रॅम! उडीनंतर जमिनीवर उतरताना तो दाब आणखी वाढतो. कातडीचा रक्तपुरवठा अडतो आणि पाठ सोलवटते.

“खाली जाड कांबळे घातले की झाले,” असे कोणी म्हणेल. पण घट्ट बुटात आणखी एक मोजा घातल्याने बूट सैल होतो काय?

म्हणून खोगीर उघड्या पाठीवर ठेवून पाहावे. खांद्यांमधील उंचवटा आणि खोगिराची पुढची कमान यांत दोन-तीन बोटे शिरावीत. कण्यावरून आरपार उजेड दिसावा. शेवटच्या बरगडीच्या मागे खोगीर जाऊ नये. फेरफटक्यानंतर घामेजल्या पाठीवर एखादाच कोरडा ठिपका दिसला, तर तेथे दाब जास्त पडला असे समजावे. मग स्वाराने बसून पाहावे. त्याच्या मागे चार बोटे जागा उरावी आणि गुडघा चामड्याच्या कडेबाहेर जाऊ नये.

तंग आवळताना घोडा चावायला येतो, अडथळ्यापुढे अडतो, तेव्हा आपण त्याला हट्टी ठरवून चाबूक उगारतो. ती त्याची तक्रारही असू शकते. विद्यार्थिमित्रांनो, चाबकाआधी खोगीर उचलून पाहा. घरी घोडा नसेल, तर बैलाच्या मानेवरचे जू उचलून पाहा. दाबाचा धडा तेथेही तोच आहे.